'फक्त गॅस भरून घ्या'

जुनी गाडी विकणारा माणूस एसीबद्दल एकच वाक्य बोलतो : "एसी आहे, फक्त गॅस भरून घ्या." पुण्या-मुंबईला दहा-बारा वर्षं पळून आता एमएच-२५च्या, म्हणजे धाराशिवच्या, मुलखात नांदायला आलेली वॅगन-आर असो, सँट्रो असो, इंडिका असो, नाहीतर अजून दम धरून असलेली मारुती ८००, वाक्य बदलत नाही. घेणाराही मार्चअखेर गॅरेजात जाऊन गॅस भरून आणतो आणि एप्रिलभर खूश असतो. मे महिन्यात लग्नसराई आणि बेचाळीस अंशांचं ऊन एकदमच येतं, तेव्हा मात्र काचा खाली करून, तोंडाला रुमाल बांधून सोलापूर गाठतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

गॅस काही पेट्रोल नाही, जाळला आणि संपला असं व्हायला. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. कंप्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो एकदम मोकळा होतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना आतल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. त्यामुळे गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर गेलाय, एवढाच त्याचा अर्थ. रबरी नळ्या आणि कंप्रेसरच्या सीलमधून थोडंफार झिरपणं जुन्या गाडीत चालायचंच. पण ते काही वर्षांनी जाणवावं, दीड महिन्यात नाही. शिवाय बऱ्याचदा गॅस पुरेसा असतो आणि दुखणं वेगळंच असतं. हे दुखणं शोधायचं काम घरच्या अंगणात, साध्या पान्या-पक्कडीवर होऊ शकतं. गॅसच्या नळ्या उघडायचं काम मात्र घरी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची कारणं पुढे येतीलच.

सुरुवात हवेपासून करा. पंखा चौथ्या नंबरवर घुमतो पण जाळीतून वारा जेमतेम येतो, अशी गाडी असेल तर गॅसचा विचार सध्या सोडा. बऱ्याच जुन्या लहान गाड्यांत केबिन फिल्टर नसतोच. मग धाराशिवच्या रस्त्यांवरची धूळ, सोयाबीनच्या मळणीचं भुसकट, कुत्र्याचे केस हे सगळं थेट कूलिंग कॉइलवर जाऊन बसतं. कॉइल ओली असते, त्यामुळे त्याचा चिखल होतो, वाळतो आणि पुन्हा ओला होतो. एसी लावल्यावर येणारा कुबट वास याच थराचा असतो. डाव्या बाजूचा कप्पा आणि त्यामागचं प्लॅस्टिक काढलं की बहुतेक गाड्यांत ब्लोअर हाती लागतो. तीन-चार स्क्रू काढून ब्लोअर खाली घ्या आणि त्या पोकळीतून टॉर्च मारून पाहा. थर दिसला तर मऊ ब्रश, कॉइल साफ करायचा फवारा आणि हलक्या हाताने मारलेलं पाणी एवढं पुरतं. घाण पाणी गाडीखालच्या निचऱ्याच्या नळीतून बाहेर आलं पाहिजे. नाही आलं तर ती नळीच तुंबलीय. पायाखालची सतरंजी ओली होण्याचं कारणही तेच असतं. नळी खालून पातळ तारेनं मोकळी करा, पण तार आत फार खुपसू नका. वर कॉइल आहे आणि तिला एक भोक पडलं की खर्च कुठच्या कुठे जातो.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर जळलेला असतो. तो ब्लोअरजवळच, दोन स्क्रूंवर बसवलेला असतो आणि फार महाग नसतो.

आता एक अशी गोष्ट सांगतो, जिच्याकडे आपल्याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही. हीटर असलेल्या गाडीत इंजिनचं गरम पाणी डॅशबोर्डमागे एका छोट्या रेडिएटरपर्यंत जातं आणि ते अडवायला एक व्हॉल्व्ह असतो. मराठवाड्यात वर्षातले दहा महिने या व्हॉल्व्हला कोणी हात लावत नाही. तो गंजतो, त्याची केबल सैल होते आणि बटण 'थंड'वर असलं तरी आत गरम पाणी वाहत राहतं. मग एका बाजूला कॉइल हवा थंड करते आणि लगेच पुढे हीटर तीच हवा तापवतो. तपासणी सोपी आहे : गाडी वीस मिनिटं चालवा, हीटरचं बटण पूर्ण थंडावर ठेवा, इंजिन बंद करा आणि इंजिनाच्या मागच्या भिंतीत शिरणाऱ्या दोन रबरी नळ्यांना जपून हात लावा. व्हॉल्व्हच्या पलीकडचा भाग चटका देत असेल तर व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. केबल पुन्हा नीट लावून पाहा. नाही जमलं तर व्हॉल्व्ह बदला, किंवा उन्हाळ्यापुरतं मेकॅनिककडून हीटरचं पाणी वळवून घ्या. काही गाड्यांत असा व्हॉल्व्ह नसतो, गरम-थंड हवेचं मिश्रण एका पडद्यानं होतं. तिथे तो पडदा पूर्ण मिटतोय का ते पाहायचं.

हवा नीट येतेय, हीटर बंद आहे, तरी थंडावा नाही. आता बॉनेट उघडा. इंजिन चालू, एसीचं बटण दाबा आणि कंप्रेसरकडे कान द्या. 'टक्' असा आवाज येऊन त्याच्या पुलीचं तोंड फिरायला लागलं पाहिजे. ही टकटक म्हणजे कंप्रेसरचा क्लच. हात, ओढणी, शर्टाची बाही पट्ट्यापासून लांब ठेवा, कारण रेडिएटरचा पंखा कधीही सुरू होतो.

आवाजच आला नाही तर आधी फ्यूज, मग रिले. शेजारच्या हॉर्नचा रिले त्याच मापाचा असेल तर अदलाबदल करून दोन मिनिटांत निकाल लागतो. मग वायरिंग. आपल्याकडे गाडी गोठ्याजवळ किंवा कडब्याच्या गंजीपाशी उभी असते आणि उंदरांना वायरींची चव लागलेली असते, त्यामुळे कंप्रेसरकडे जाणारी वायर बोटांनी चाचपत शेवटपर्यंत जा. क्लच स्वतः जिवंत आहे की नाही हे इंजिन बंद ठेवूनही कळतं : त्याची वायर सुटी करून बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज लावलेली वायर क्षणभर टेकवा. टक् झालं तर क्लच ठीक, वीज त्याच्यापर्यंत पोचत नाहीये.

वीज न पोचण्याचं एक कारण मुद्दाम तसं केलेलं असतं. नळीवर एक प्रेशर स्विच बसवलेला असतो. गॅस फार कमी झाला की तो कंप्रेसर चालूच होऊ देत नाही. काही हुशार मंडळी तिथे वायरचा तुकडा लावून स्विच 'बायपास' करतात आणि कंप्रेसर फिरला म्हणून खूश होतात. कंप्रेसरला लागणारं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेलही परतत नाही, आणि कोरडा फिरलेला कंप्रेसर आतून खरवडला जातो. त्याचा बारीक चुरा कंडेन्सरपासून एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत सगळीकडे पसरतो. त्यानंतर नुसता कंप्रेसर बदलून भागत नाही.

आणखी एक लक्षण बऱ्याच जणांना चकवतं. सकाळी धाराशिवहून निघताना एसी फक्कड चालतो, नळदुर्ग येईपर्यंत बंद पडतो, चहाला थांबून निघालं की पुन्हा सुरू. गॅरेजात याला सरळ 'गॅस कमी' म्हणतात. बहुतेकदा हा क्लचच्या झिजेचा मामला असतो. पुली आणि तिच्या पुढच्या चकतीत बंद अवस्थेत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. ती वर्षांनुवर्षं झिजून वाढते. गार असताना चुंबक चकतीला ओढून घेतो. चुंबकाची कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, ओढ कमी पडते आणि चकती सुटते. पुढचा एक नट काढून आतली पातळ वॉशर कमी केली की फट पूर्ववत होते. बऱ्याच कंप्रेसरांत हे गॅसला हात न लावता जमतं.

मग कंडेन्सर. गाडी हायवेवर पळताना थंड करते आणि तुळजापुरात पार्किंगच्या रांगेत शिरली की गरम हवा सोडते, अशी तक्रार असेल तर समजा की पुढून वारा पुरत नाही. एसी लावल्यावर पुढचा पंखा सुरू होतो का ते पाहा. जुन्या पंख्याच्या मोटरचे ब्रश झिजतात. तो फिरताना दिसतो पण वारा ओढत नाही. खात्री करायची सोपी युक्ती अशी : गाडी उभी, एसी चालू, आणि पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर मगभर पाणी शिंपडा. मिनिटभरात आतली हवा चक्क गार झाली तर गॅस आहे, कंप्रेसर आहे. कमी पडतोय तो वारा. ऊसतोडीच्या हंगामात पाचटाचे तुकडे आणि मळणीच्या दिवसांत भुसा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत जाऊन बसतो. समोरून धुतलं तर तो आणखी आत जातो. शक्य असेल तेवढं मागून पुढे, साध्या नळाच्या धारेनं धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा कंडेन्सरच्या पापुद्र्यांवर मारू देऊ नका. ते आडवे झाले की वारा कायमचा अडतो. विहिरीच्या जड पाण्यानं धुतलंत तर शेवटी बादलीभर गोड्या पाण्याचा हात फिरवा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर बसणार नाही. इतकं झाल्यावर कंप्रेसरचा पट्टाही पाहा. तो तडकला असेल किंवा एसी लावताच किंचाळत असेल तर आधी तो बदला.

आता गळती. गॅस जिथून निसटतो तिथून तेलही थोडं बाहेर येतं आणि त्या तेलावर धूळ चिकटते. म्हणून नळ्यांचे सांधे, नळीला धातूची पट्टी दाबलेली जागा, कंप्रेसरचं नाक आणि कंडेन्सरचे कोपरे इथे तेलकट काळा डाग शोधा. डागावर भांड्याच्या साबणाचं घट्ट पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. गॅस भरायच्या दोन तोंडांच्या आत मोटरसायकलच्या ट्यूबसारखेच व्हॉल्व्ह असतात. ते बरेचदा गळतात आणि वरची टोपी हरवलेली असते. टोपी शोभेची नाही, तीही सील आहे. बाहेर कुठे काही सापडलं नाही आणि गॅस मात्र टिकत नाही, तर संशय कूलिंग कॉइलवर जातो. वर सांगितलेला तो ओला चिखल ॲल्युमिनियम खातो.

इथपर्यंतचं काम तुमचं. नळ्या उघडायच्या झाल्या की गॅरेज गाठा, पण काय करून घ्यायचं हे ठाऊक असलं पाहिजे.

पहिलं, गाडीत गॅस कोणता? १९९०च्या दशकातल्या ८००, ऑम्नी, ॲम्बॅसडर, पद्मिनी यांत आर-१२ असायचा. ओझोनच्या थराला मारक म्हणून तो मागे पडला. १९८७च्या माँट्रियल करारात भारत १९९२ साली सामील झाला आणि २०००च्या ओझोन नियमांनुसार १ जानेवारी २००३ पासून नव्या उपकरणांत असे वायू वापरायला बंदी आली. त्यानंतरच्या आपल्या गाड्यांत आर-१३४ए असतो. कोणता ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. चिठ्ठी नसेल तर तोंडं पाहा : आट्यांची, पितळी नटासारखी तोंडं आर-१२ची, आटे नसलेली, दाबून बसणारी आणि एकाहून दुसरं मोठं अशी तोंडं आर-१३४एची. जुन्या आर-१२ गाडीत नुसता नवा गॅस कोंबून चालत नाही. जुन्या गाडीतलं खनिज तेल आर-१३४एमध्ये मिसळत नाही, म्हणून ते काढून एस्टर तेल घालावं लागतं, रबरी रिंगा आणि ड्रायर बदलावा लागतो, नवी तोंडं बसवावी लागतात. आणि गॅस जुन्या वजनाच्या ऐंशी ते नव्वद टक्केच भरायचा.

दुसरं, ड्रायर. कंडेन्सरजवळची ही लहान डबी आतला ओलावा शोषते. नळ्या उघडल्या की ती बदलायचीच. दोन-चारशे रुपये वाचवायला इथे हात आखडू नका. धाराशिवात तुमच्या मॉडेलची नाही मिळाली तर सोलापूर किंवा लातूरहून आणून ठेवा आणि मगच गाडी उघडायला द्या.

तिसरं, गळती तपासायला नायट्रोजन वापरायला सांगा. टायरमध्ये भरायची हवा दमट असते, तो ओलावा आत राहतो. ऑक्सिजन तर चुकूनही नको; दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

चौथी पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते : व्हॅक्यूम. गॅस भरण्याआधी पंपानं नळ्यांतली हवा आणि ओलावा खेचून काढायचा असतो. अर्धा-पाऊण तास तरी. मग पंप बंद करून दाबाचा काटा पंधरा-वीस मिनिटं हलत नाही ना, ते पाहायचं. हलला तर गळती अजून आहे, गॅस भरू नका. इथे धाराशिवकरांसाठी एक खास गोष्ट. मोबाइलवरच्या व्हिडिओंत काटा एकोणतीस-तीस इंचांवर गेलेला दाखवतात, आणि आपल्याकडे तो साडेसत्तावीस-अठ्ठावीसच्या आसपासच थांबतो. म्हणून पंप खराब आहे असं समजू नका. धाराशिव शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. इथे हवेचाच दाब कमी, त्यामुळे काट्याला त्यापुढे जायला जागा नाही. सोलापुरात तोच पंप थोडा जास्त दाखवेल. उन्हाळ्याचा एक फायदाही आहे. चाळीस अंशांच्या दुपारी नळ्यांतलं पाणी अशा पोकळीत सहज उकळून निघून जातं. डिसेंबरच्या सकाळी हेच काम कितीतरी कष्टाचं होतं.

पाचवं, गॅस वजनानं भरायचा. लहान गाड्यांना साधारण अर्ध्या किलोच्या आगेमागे लागतो. नेमका आकडा चिठ्ठीवर असतो. "थोडा जास्त टाका, जास्त गार होईल" असं म्हणणारे गिऱ्हाईक आणि मिस्तरी दोघंही सारखेच चुकतात. जास्त गॅसनं वरचा दाब वाढतो, थंडावा उलट कमी होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो. पस्तीस-चाळीस अंशांत आर-१३४एच्या ठीक चालणाऱ्या गाडीत खालच्या दाबाचा काटा साधारण ३० ते ४५ पीएसआय आणि वरच्या दाबाचा २०० ते २६० पीएसआय दाखवतो. इंजिन बंद असताना मात्र दोन्ही काटे सारखे होतात, आणि तो आकडा गॅस किती आहे हे सांगत नाही, फक्त हवामान सांगतो. ३० अंशांना तो शंभरच्या जवळ असतो, मग आत पाव किलो असो की अर्धा.

घरी गॅसचा डबा आणून भरू नका म्हणतो ते याचसाठी. व्हॅक्यूम पंप नाही, वजनकाटा नाही, आणि चुकून वरच्या दाबाच्या तोंडाला डबा लागला तर तो हातातच फुटू शकतो. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. त्याचा द्रव डोळ्यात किंवा हातावर उडाला तर गारठ्यानंच जखम होते. शिवाय सोडून दिलेला हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशेपट हवा तापवतो. अर्धा किलो सोडला म्हणजे सातशे किलोंचं पाप. ज्या गॅरेजकडे जुना गॅस काढून घ्यायचं यंत्र आहे, ते थोडं लांब असलं तरी तिथे जा.

स्वस्तात होतंय म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरून देणारेही भेटतात. थंडावा येतो, नाही म्हणत नाही. पण कूलिंग कॉइल गळली तर तो गॅस बंद काचांच्या आत, लेकराबाळांच्या मांडीशी साठतो, आणि एका ठिणगीचं काम उरतं. घरगुती सिलिंडरचा असा वापर बेकायदाही आहे. घरातल्या जुन्या एसीचा आर-२२ गाडीत भरणंही तितकंच चुकीचं. त्याचा दाब या नळ्यांसाठी नाही. म्हणून गॅसच्या डब्याचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा.

काम झालं की गॅरेजातच परीक्षा घ्या. दारं-काचा बंद, हवा आतलीच फिरती, इंजिनचा वेग थोडा चढा, आणि मधल्या जाळीत स्वयंपाकघरातला किंवा दुकानातला साधा थर्मामीटर. बाहेर चाळीस असताना दहा-बारा अंश आले तर जुन्या गाडीला शाबासकी द्या. गाडीखाली पाणी ठिबकतंय का यावरून मात्र एप्रिलमध्ये काही ठरवू नका. आपली हवा तेव्हा इतकी कोरडी असते की ठिबकायला पाणीच थोडं.

एसी लावताच इंजिन थरथरून बंद पडत असेल तर दोष एसीत शोधू नका. कंप्रेसरचा भार पेलायला आयडलिंग आपोआप वाढवणारी एक व्यवस्था असते. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत तिची व्हॅक्यूमची बारीक नळी तडकते. ती पाहा. आणि ८००चं इंजिन ७९६ सीसीचं आहे हे विसरू नका. तुळजापूरच्या घाटात गाडी भरलेली असेल आणि तापमानाचा काटा सरकू लागला, तर चढ संपेपर्यंत एसी बंद ठेवा.

उन्हात उभ्या गाडीत बसताना आधी काचा उघडून दोन-तीन मिनिटं चालवा, कोंडलेली हवा जाऊ द्या, मगच काचा लावून आतली हवा फिरती ठेवा. काळ्या काचांच्या नादी लागू नका. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार गेलाच पाहिजे, असा नियम आहे. त्यापेक्षा दारांची झिजलेली रबरं बदला.

पाऊस लागला, थंडी आली तरी पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. तेल फिरतं, कंप्रेसरचं सील ओलं राहतं आणि गळत नाही. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरच्या वाहनतळावर रात्र काढताना मात्र इंजिन चालू ठेवून, काचा लावून, एसीत झोपू नका. जुन्या गाडीचा सायलेन्सर कुठे फुटलाय हे दिसत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.